कानबाईच्या वतीने

हिरामण,

परवा तुझ्या तेराव्याला पंगत उठल्यावर सुमनवहिनींनी मला आत बोलावलं आणि तुझी मोजायची टेप माझ्या हातात ठेवली. तीच, गोल कातडी डबीतली, जिचे सुरुवातीचे आकडे पुसून गेलेत आणि तरी तू ते न अडखळता वाचायचास. वहिनी म्हणाल्या, "हाई तुमलेच देवानी म्हनेत." मी विचारलं, मलाच द्यायची असं कधी म्हणाला? तर म्हणाल्या, "मांगला वरीसले."

गेल्या वर्षी म्हणजे आपलं बोलणं बंद होतं तेव्हा. ज्याच्याशी बोलत नाही त्याला टेप कशाला द्यायची? मायेनं, की चिडून, की 'घे, तूच मोज' म्हणून? घरी येईपर्यंत मी वाटेत दोनदा थांबून ती डबी उघडून पाहिली, जणू आत चिठ्ठी असेल. चिठ्ठी नव्हती. तू चिठ्ठी लिहिणारा नव्हतासच, तू प्रश्न विचारून चहा पीत बसणारा होतास. उत्तराची घाई नेहमी मलाच.

तुला पांडेसऱ्यात सगळे 'दबाणवाला' म्हणायचे. अतिक्रमणाला सुरतेत दबाण म्हणतात आणि रस्त्याच्या रेषेत कुणाचं काय येतं ते मोजायला पालिकेकडून तू यायचास. मी पालिकेच्याच मराठी शाळेत इतिहास शिकवणारा. दोघेही धुळ्याकडचे, दोघांचेही बाप एकाच डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर, आणि दोघेही एकाच गल्लीत वाढलेले. तरी तुला मुख्य कचेरीत टेबल मिळालं त्या दिवशी तू मला आधी पेढा न देता इमारत दाखवायला नेलंस. मुगलसराई. मक्केला जाणारे यात्रेकरू जहाज सुटेपर्यंत जिथं उतरायचे ती सराई, पुढे तिथंच तुरुंग, पुढे तिथंच पालिका. तू चौकात उभा राहून विचारलंस, "मास्तर, बादशहाना सुभेदारनी लोकेस्नी यात्राकरता एवढी सराई काबर बांधी? त्याले काय भेटनं?"

मी तेव्हा नवा नवा मास्तर. मी तोंडपाठ उत्तर दिलं: पुण्य, प्रतिष्ठा, बंदराचं महत्त्व, आणि धर्माचा रखवालदार म्हणून राजाचा मान. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "हाई तू राजानी बाजूथीन सांगस. आते यात्रेकरूनी बाजूथीन सांग."

ते मला येत नव्हतं. पुस्तकात नव्हतं. मग तू मला टेपचं शून्याचं टोक धरायला लावलंस आणि आपण पुढच्या रविवारी रिकाम्या चौकाची लांबी-रुंदी मोजली. शिपाई बघत बसला. एका यात्रेकरूला, त्याच्या पेटीला आणि चुलीला मिळून किती जागा लागत असेल याचा तू बोटांवर हिशेब केलास आणि म्हणालास, जागा बरीच आहे, म्हणजे नुसतं दाखवायला नव्हतं बांधलं. इतिहासाकडे असं बघता येतं हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून तुझ्या टेपचं दुसरं टोक माझ्याकडे आलं ते आलंच.

तुझ्या कचेरीतल्या गुजराती मंडळींनी तुला छळलं कमी नाही. "तमे लोको तो सूरत लूंटवा आव्या हता!" तू म्हणायचास, "हा भाई, एटले ज तो हवे रस्ता मापीए छीए," म्हणजे म्हणूनच तर आता रस्ता मोजतोय, आणि सगळे हसायचे. माझं तेवढं सोपं नव्हतं. घरी जो पराक्रम, तोच वर्गाबाहेर लूट. एकदा सहावीतल्या मुलीनं मला सरळ विचारलं, "सर, आपण लुटणारे का लुटले गेलेले?" मी घंटा होईपर्यंत बंदराच्या व्यापारावर बोललो. तुला सांगितलं तर तू खूश झालास. म्हणालास, त्या मुलीला माझ्या खात्यात पाठव, ती रेषेच्या दोन्ही बाजूंनी बघते.

आपला मोठा वाद मात्र एकच. राजाला देव लागतो, की देवाला राजा? मी म्हणायचो, राजाला देव लागतो. सत्ता नवी असते, देव जुना असतो, म्हणून सत्तेवर बसलेला प्रत्येक जण आधी देवळात किंवा दर्ग्यात डोकं टेकवून घेतो. मी तुला सनदांचं सांगितलं. नवा राजा आला की देवस्थानचे लोक जुना कागद घेऊन त्याच्या दारात उभे राहायचे आणि तीच जमीन नव्या शिक्क्यानं पुन्हा लिहून घ्यायचे. राजाचा धर्म कुठला आणि देवस्थान कुठलं हे पुष्कळ वेळा जुळायचंही नाही. बादशहाच्या शिक्क्याची सनद हिंदू देवळाकडे, हिंदू राजाची दर्ग्याकडे. तू बशीतला चहा तसाच ठेवलास. "म्हणजे देवलेबी कागद लागस!" पुढे कितीतरी दिवस तू हे वाक्य कुठेही घुसडायचास.

पण तुझं म्हणणं तिसरंच होतं. राजाला देव लागत नाही आणि देवाला राजाही लागत नाही. दोघंही लागतात ते लोकांना. लोकांना राजाशी बोलायची सोय नसते, म्हणून ते देवाला पुढे करतात. तू म्हणायचास, मी टेप घेऊन गेलो की माणूस कधी म्हणत नाही की हे माझं आहे, राहू दे. म्हणतो, हे देवाचं आहे. ज्याला कुणी विचारत नाही तो देवाच्या मागे उभा राहतो. मी म्हणायचो, हा इतिहास नाही, हा तुझ्या खात्याचा अनुभव आहे. तू विचारायचास, "दोन्हीमा काय फरक शे?"

आणि मग आला आपलाच ओटा.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी कानबाईचा ओटा आपल्या बापांनी बांधला. गावाकडे कानबाईला ओटा नसतो. निदान मी पाहिलेला नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात येते, नारळाला मुखवटा आणि दागिने घालून तिला बसवतात, रोट करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीत पोचवतात. एका रात्रीची माहेरवाशीण. पण पांडेसऱ्यात आपल्या लोकांना एका रात्रीनं काय होणार होतं? गल्लीत दिवा नव्हता, नळ नव्हता, आणि अर्ज केला तर 'तमे कोण?' म्हणून परत यायचा. म्हणून त्यांनी सिमेंटचा ओटा बांधला, मुखवटा कायमचा बसवला आणि पुढचा अर्ज तिच्या नावानं केला: मातेच्या दारात अंधार आहे. दिवा आला. नंतर नळही तिच्याच नावानं आला. तू हे सांगताना नेहमी हसून म्हणायचास, नारळ दरवर्षी नदीत जातो, पण मुखवटा बिचारा सोमवार कधी उजाडतोय याची वाट बघत पांडेसऱ्यात अडकलाय.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि माप घ्यायला तूच आलास. नोटिशीत कबजेदाराचं नाव लागतं. तू घरोघर विचारलंस, हा ओटा कुणाचा? प्रत्येक दारात एकच उत्तर, "देवीना शे." अगदी कमलबाईसुद्धा, जी चाळीस वर्षं तो ओटा सारवते आणि कानबाईच्या गाण्यांत पुढे असते. तेव्हा तू नावाच्या रकान्यात लिहिलंस: कानबाई माता. पोच म्हणून कुणाची तरी सही हवी होती. गल्लीतला शिकलेला माणूस मी. मी ऐटीत लिहिलं, 'कानबाई मातेच्या वतीने', आणि खाली माझी सही.

पुढचं मी केलं ते इतिहासाच्या मास्तरालाच सुचू शकतं. नोटीस ओटा काढायची होती, हे मला वाचता येत होतं. पण माझं लक्ष त्यावर नव्हतंच. सरकारी शिक्का, आणि त्याखाली आपल्या देवीचं नाव! माझ्या डोळ्यांपुढे सनद होती. मी ती उधन्याला नेऊन लॅमिनेट करून आणली आणि ओट्यावर मुखवट्याच्या शेजारी टांगली. बायकांनी तिला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे नारळ फुटला.

तू आलास, बघितलंस, आणि ओट्याच्या पायरीवर बसून इतका हसलास की तुला ठसका लागला. कमलबाईनं पाणी आणून दिलं. सगळी गल्ली गोळा झाली होती. तू डोळे पुसत म्हणालास, "मास्तर, सरकारनी तिले कबजेदार लिखं रे, देवी नही! पाडानी चिठ्ठीले तू हार घाला?"

मला लाज वाटली. एवढं तेव्हा म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. त्याऐवजी मी सगळ्यांसमोर म्हणालो, तुझं मापच खोटं आहे. तू देव मानत नाहीस, म्हणून तू रेषा आत ओढलीस. तू हसायचा थांबलास. तुझा चेहरा मला आजही दिसतो. रागाचा नव्हता तो. जणू मी तुला एखादं नवीनच कोडं घातलं होतं आणि तू ते सोडवत होतास.

मग मी वांधा अरजी लिहिली, म्हणजे हरकतीचा अर्ज. 'मापणी खोटी आहे.' खाली पुन्हा, कानबाई मातेच्या वतीने. हिरामण, तुझ्या नोकरीत तुझ्यावर अनेकांनी आरोप केले असतील, पण एका देवीनं लेखी आरोप केलेला तू एकटाच असशील. तुझ्याकडून खुलासा मागितला आणि साहेबांसमोर पुन्हा मोजायला लावलं. त्या सकाळी तू टेप उघडलीस आणि सवयीनं शून्याचं टोक माझ्याकडे धरलंस. मी हात मागे बांधून उभा राहिलो. तू बाजूला पडलेली वीट उचलून त्या टोकावर ठेवलीस आणि एकट्यानं मोजलंस. माप तेच आलं. मी गल्लीला सांगितलं, तोच मोजणार तर तेच येणार ना. अर्ज निकालाविना पडून राहिला आणि ओटाही उभा राहिला.

गल्लीनं माझं ऐकलं. मास्तर खोटं का बोलेल? त्या श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीला तुला कुणी बोलवायला गेलं नाही. तू गॅलरीत उभा होतास. दरवर्षी तू पुढे असायचास, देव न मानता, ढोलाच्या अगदी जवळ, कोणतं गाणं कुठल्या गावाकडचं ते बायकांना विचारत. मी मान वर करून पाहिलं नाही, पण तू तिथं आहेस हे मला ठाऊक होतं. नदीपर्यंत मी एकदाही नाचलो नाही, एवढंच माझं प्रायश्चित्त. ते तुला कुणी सांगितलं का?

नंतरचे महिने आपण समोरासमोर आलो की दोघेही मोबाइल बघायचो. मला खरंच वाटायचं, वेळ आहे. पुढच्या वर्षी दोघेही रिटायर होणार, मग काय, चहाच्या लारीवर बसून दिवसभर भांडू. माझ्याकडे तुला सांगायला दोन-तीन गोष्टी साठल्याही होत्या. मग त्या सकाळी बूट घालता घालता तू खाटेवर आडवा झालास, आणि माझ्याकडे साठलेलं सगळं माझ्याकडेच राहिलं.

काल सकाळी मी टेप घेऊन ओट्यावर गेलो. खरं सांगू? माप चुकलेलं निघावं अशी माझी मनातून इच्छा होती. चार बोटं जरी चुकलं असतं, तरी मी म्हणू शकलो असतो की भांडणाला काही आधार होता. दुसरीही एक इच्छा होती, ती त्याहून वाईट. तू गुपचूप देवीला वीतभर सवलत दिलेली निघावी. म्हणजे मी सगळ्यांना सांगितलं असतं, बघा, मानत नाही म्हणायचा, पण मनात होतं. मेलेल्या माणसाला आपल्या बाजूला ओढायला किती सोपं असतं.

टोक धरायला कुणी नव्हतं. तीच वीट शोधली, तेवढ्यात कमलबाई सारवण घेऊन आली. म्हणाली, "दे, मी धरस." हात धुतले, पदर खोचला आणि टोक भिंतीला टेकवून वाकून बसली. मी मोजलं. मग नोटीस काढली, हळदकुंकवाखाली आकडा दिसेना तर कुंकू बोटानं पुसलं. फुटाला फूट, इंचाला इंच तुझंच माप. ना देवीच्या बाजूनं, ना देवीच्या विरुद्ध. मी तीनदा मोजलं, हिरामण. तिसऱ्यांदा मला आकडे दिसत नव्हते, कमलबाईनं विचारलं, "काय उनं माप?"

मी म्हणालो, "हिरामणनं माप बरोबर शे. मी खोटं बोलनू व्हतू."

ती टोक धरून तशीच बसली होती. म्हणाली, "माले माहीत व्हतं. तो खोटं मोजाव नही."

मग का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ओटा जाईल म्हणून. दिवा गेला, नळ गेला, मग आपल्याला कोण विचारणार, ही भीती. आता दिवा खांबाचा आहे, नळ घराघरात आहे, नावं मतदार यादीत आहेत. "आते तिले काबर बसाडी ठेवानं? ती येवानी आनि जावानी बाई. जाऊ दे तिले."

म्हणजे तू तीस वर्षं जे सांगत होतास ते या बाईला ओटा सारवता सारवता ठाऊक होतं, फक्त तुम्ही दोघं यावर कधी एकमेकांशी बोलला नाहीत, कारण मधे मी बोलत होतो. पण एक गोष्ट मला तुला विचारायची आहे आणि आता विचारता येत नाही. लोक देवाला पुढे करतात हे तुझं म्हणणं मी मानलं. पण काम झाल्यावर तिला मोकळं करावं, हे कमलबाईला कुणी शिकवलं? ते राजांना कधी जमलं नाही, देवस्थानांच्या विश्वस्तांना जमत नाही. हे तुझ्या मापात बसतं का? मला वाटतं तू चहा सांगितला असतास आणि खुशीत म्हणाला असतास, लिहून ठेव, उत्तर मंग दखू.

काल संध्याकाळी ओट्यावर गल्ली जमली. मी उभा राहून सगळं सांगितलं. लॅमिनेट केलेल्या कागदाचं, लाजेचं, खोट्या अर्जाचं. सुमनवहिनी दारात उभ्या होत्या, सुतकातून उठलेल्या, त्या आत गेल्या. माझ्याकडे बघून गेल्या की न बघता, ते मला कळलं नाही. ठरलं ते असं: ओटा आपण होऊन काढायचा, आणि या श्रावणापासून कानबाई दरवर्षी एकेका घरी. सोमवारी मुखवट्यासकट निरोप. तुमच्या घरी या वर्षी दुःख आहे, म्हणून तुमची पाळी पुढच्या वर्षी, पण ती पहिली लिहिली आहे. कमलबाईनं लिहायला लावली.

आज शाळेतून अर्धी रजा टाकून मी तुझ्या कचेरीत गेलो. चौकात थोडा वेळ उभा राहिलो. तुझ्या टेबलावर नवा माणूस बसलाय, तरुण, सभ्य. मी म्हणालो, वांधा अरजी मागे घ्यायची आहे. त्यानं फाइल काढली, कबजेदाराचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाला, "काका, अरजी माताजीनी छे. पाछी पण माताजीए ज खेंचवी पडे." अर्ज देवीचा, तर मागेही देवीनंच घ्यायला हवा; कायदा त्याच्या बाजूनं होता. मी त्याच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं की माझी हरकत खोटी होती, ती मी मागे घेत आहे, सदर ओट्याची मापणी मी स्वतः तपासली असून ती तंतोतंत खरी आहे, आणि मापणी करणाऱ्या कर्मचाऱ्यास माझ्यामुळे जो त्रास झाला त्याबद्दल मी माफी मागते.

माफी मागते, असंच लिहिलं. खाली लिहिलं, कानबाई मातेच्या वतीने, आणि माझी सही केली. त्यानं शिक्का मारला.

तेव्हा हिरामण, देवीनं तुला लेखी दिलंय. तुझ्या फाइलीत आहे. फक्त कागद नेहमीसारखा उशिरा पोचला.